दहा हातांचा डबा

"म्हंजे आजबी पातोडी तशीच वापस आनली तू!" माणिकबाईंनी डब्याचा खण ओट्यावर आपटला. "सकाळी उठून बेसन घोटतो मी. हात भरून येते माह्या. कोनासाठी रांधतो मी? गाईसाठी?"

"आई, थोडंसं भरत जा म्हनून सांगतलं ना तुमाले," हर्षा सुनेला सासूवर जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडली.

"थोडंसं कसं भरा? बाकीच्या बाया काय खातीन?"

"त्यायचे डबे असतात."

"ते तं आधीबी होते."

हर्षानं नळ सोडला आणि हातातलं झाकण उगाचच धुवायला घेतलं. बाहेरच्या खोलीतून कुलदीपनं टीव्हीचा आवाज कमी न करताच बायकोची बाजू घेतली. "आई, ती मालकीन आहे आता. कोर्समदी शिकवलं तसं करून राहिली ती. बायांत बसून जेवनं बंद केलं तिनं."

"मालकीन झाली तं दात पडले का तिचे?"

हर्षाला हसू यायला हवं होतं. सासूच्या अशा बोलण्यावर ती एरवी हसायचीच, आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये नक्कल करून बायकांना हसवायची. आता नक्कल कोणाला करून दाखवणार?

हर्षा बाळापूरची. माहेरी भाजीचा मळा. लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा कुलदीप खताच्या दुकानात कामाला होता आणि हर्षाला शिवण येत होतं, एवढीच घरात जमेची बाजू. पुढच्या खोलीत मशीन मांडली. शेजारची मैना कडेवर पोर घेऊन काजं-बटणं करायला यायची आणि करता करता शिवण शिकली. पोरीचं नाव अपेक्षा. तिचं पहिलं टोपडं हर्षानं उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवलं. मग दर दिवाळीचा फ्रॉक, शाळेचा ड्रेस, सगळं हर्षाच्याच हातचं. माप घेताना पोरीला स्टुलावर उभं करायचं आणि मैनानं दरवेळी म्हणायचं, "हालू नोको वं. लग्नाचं ब्लाऊजबी मावशीलेच शिवाचं आहे, तिले माप पाठ होऊ दे."

काम वाढलं. नांदगाव पेठेत भाड्याची शेड घेतली, शाळांचे गणवेश, कंपन्यांच्या कामगारांचे शर्ट अशी कामं मिळू लागली. मैना पहिल्या मशीनवर, बाकीच्या तिच्यामागे. दुपारी सगळ्या जमिनीवर गोल बसायच्या आणि हर्षाचा डबा मधोमध उघडायचा. चारी बाजूंनी हात यायचे. माणिकबाईंना घरी बसून माहीत असायचं की आज कोणाचा हात आधी कोणत्या खणात गेला असेल. त्यांचा अंदाजच दहा हातांचा होता.

पण त्या गोलातच हर्षाचं मालकपण विरघळून जायचं. कोणी तिच्या तोंडात घास द्यायची आणि लगेच म्हणायची, "उद्या मी नाई येत, माह्या भावाकडे जावळं आहे." तोंडात घास असताना नाही म्हणता येत नाही. कोणाचे टाके सैल, कोणाची बाही उसवलेली, सगळ्यावर एकच उत्तर: चालते वं. एकदा शर्टांचा आख्खा लॉट परत आला. कॉलर वाकड्या होत्या. त्या मैनानं शिवल्या होत्या, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्या गेल्यावर हर्षा शेडचं दार लावून एकटीच कॉलर उसवत बसली.

काम देणाऱ्या कंपनीनं मग अट घातली. छोट्या युनिटच्या मालकांनी नेतृत्व विकासाचा कोर्स करायचा, नाहीतर पुढचं काम विसरायचं. रविवारी अमरावतीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये वर्ग. शिकवायला पुण्याहून एक तरुण बाई यायच्या, मऊ आवाजाच्या. त्यांनी कोणाला काही वाईट शिकवलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "हर्षाताई, तुम्ही मैत्रीण आहात की मालक, हे तुम्हीच ठरवलेलं नाही. मग त्यांना कसं कळणार?" आणि घरचा अभ्यास दिला: स्वतःत एक बदल करा, दिसेल असा.

अकोल्याच्या डाळमिलवाल्यानं शिव्या देणं सोडतो म्हणून सांगितलं. हर्षाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी दुपारचं बायांत बसून जेवणार नाही." हे तिला कोणी सुचवलं नव्हतं. तिचं तिनंच शोधलं. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. जन्मात तिच्यासाठी टाळ्या वाजल्या नव्हत्या. घरी येईपर्यंत त्या कानात होत्या.

पहिल्या दुपारी ती शेडच्या कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये डबा उघडून बसली. मैना दारात आली. "बरं नाई का वं?"

"काम आहे."

"खाऊन घे ना मंग कर. डबा तं दे बाहेर."

"नाई, मी इथंच खातो."

दुसऱ्या दुपारी मैनानं बाहेरूनच हात हलवून बोलावलं. त्यानंतर बोलावलं नाही.

आणि काम सुधारलं, हे खोटं नव्हतं. कॉलर सरळ यायला लागल्या. सुट्ट्या आधी विचारून घेतल्या जाऊ लागल्या. एकदा हर्षानं मैनाचा शर्ट परत केला, मन घट्ट करून, काही टोमणा येईल म्हणून तयारीत राहून. मैना म्हणाली, "हो मॅडम," आणि उसवायला बसली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हर्षाला काहीतरी करता आलं असतं. भांडता आलं असतं, समजूत काढता आली असती. इथं धरायला काही टोकच नव्हतं.

आणि आज दुपारी मैना केबिनमध्ये आली होती, पदर सावरत, हातात लग्नाचं कार्ड घेऊन. "अपेक्षाचं जमलं, मॅडम. सगळ्यायले घेऊन या."

कार्डावर तारीख अगदी जवळची होती. म्हणजे साखरपुडा झाला, बस्ता झाला, सगळं झालं. हर्षानं डबा उचलला आणि मैनाच्या मागोमाग सरळ बायकांच्या गोलापाशी जाऊन खाली बसली.

गोल उठला. निदान तसं वाटलं. एकीनं जागा पुसली, दुसरीनं आपला डबा मागे ओढला. मैना धावत केबिनमध्ये गेली आणि हर्षाची चाकाची खुर्ची ढकलत घेऊन आली. सीटवरचा दोरा पदरानं झटकला. "खाली नोका बसू मॅडम, साडी खराब होईन."

हर्षा खुर्चीवर बसली. मांडीवर डबा उघडून धरला. कोणाचाही हात आला नाही. कोणीतरी झाकणात चटणी घालून तिला वरती दिली. सगळ्या खाली मान घालून भराभरा जेवू लागल्या.

"पापड कधी केले?" हर्षानं विचारलं.

"झाले ना मांगच्या रविवारी. सगळ्या आल्या होत्या. तुमचा क्लास राह्यते ना रविवारी."

"अन् ब्लाऊज?"

मैनाचा घास जरासा थांबला. "दिलं राजकमल चौकात शिवाले. तुमाले कुठं वेळ आहे आता?"

तिनं हे खरंच काळजीनं म्हटलं होतं.

घरी ओट्यापाशी उभं राहून हर्षा ते झाकण दुसऱ्यांदा धुवत होती. माणिकबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तिच्याबरोबर कार्ड आलं. "हे कोनाचं?"

"अपेक्षाचं लग्न आहे."

"मैनीच्या अपेक्षाचं?" सासू खालीच बसली. "अन् तुले कार्ड देल्लं तिनं? पापडाले नाई बोलावलं?"

"नाई."

"भारीतली साडी नेऊ," कुलदीप बाहेरून म्हणाला. "पोरीले चांदीचं काही देऊ. मालकिनीले शोभन असं झालं पाह्यजे."

त्याचं बरोबरच होतं. शोभलंच असतं.

माणिकबाईंनी कार्डावरच्या गणपतीवरून बोट फिरवलं. मग त्यांचा आवाज उतरला. "हे पाय हर्षा, उद्या त्यायच्यात जाऊन बस. खाली बस. काही नाई होत."

"बसली होती आज."

"मंग?"

"खुर्ची आनून देल्ली त्यायनं."

माणिकबाई उठल्या, टोपलीतली वांगी चाचपायला लागल्या. "उद्या भरीत करतो मी. मैनीले माह्या हातचं भरीत लय आवडते. बम, काठोकाठ भरतो. भरीत दिसलं का ते हात घालतेच, पाहजो तू."

हर्षानं डब्याचे चारही खण फडक्यानं कोरडे केले. एकात एक बसवले, कडी लावली. स्टुलावर चढून सणासुदीची भांडी ठेवतात त्या वरच्या फळीवर डबा ठेवला आणि खाली उतरली.

"आई, वांगे भाजू नोका," ती म्हणाली. "उद्यापासून डबा भराचा नाई. मी दुपारचं जेवन सोडलं."