हार्ड डिस्कला आईने शिवलेलं कव्हर

मंगळवारी सकाळी टेबल पुसायला म्हणून बॅकअपच्या पेटीवरचं कव्हर काढलं, आणि समोर लाल दिवा. दोनपैकी एक हार्ड डिस्क गेलेली.

मी श्रीरामपुरात घरूनच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. सगळं काम त्या पेटीत. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच, म्हणजे एक गेली तरी दुसरी असते. आता ती दुसरी एकटीच उरली होती आणि तिच्यावर राहुरीच्या एका मुलीचं अख्खं लग्न होतं. फोटोग्राफरने कॅमेऱ्याची कार्डं कधीच पुसून टाकलेली. हीपण गेली तर काय, पोरीला परत बोहल्यावर उभं करायचं?

आणि ते कव्हर... आमच्या आईला उघडी वस्तू म्हणून बघवत नाही. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडलला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिक. पेटीलाही तिने जुन्या साडीचं शिवलं, तेही अस्तर लावून. हवा बंद, दिवा झाकलेला.

मी नको ते बोलले. "मशीनला हवा लागते, एवढंही कळत नाही का गं तुला?" आई मेथी निवडत राहिली. मला त्याचाही राग आला.

गावात तेवढ्या मोठ्या साइजची डिस्क मिळेना. एका दुकानदाराने विचारलं, "मोठा पेन ड्राईव्ह देऊ का?" कपाळावर हात मारून एसटीने नगर गाठलं. नगरच्या दुकानदाराने जुनी डिस्क उलटसुलट बघितली. "वय झालंच होतं हिचं, पण अजून वॉरंटीत बसतीय. कधी गेली ती तारीख फॉर्मवर लिहून पाठवा. पेटी वाजली असंल ना, मॅडम? डिस्क गेली की ती वाजतीच." मी ठामपणे सांगितलं, नाही वाजली.

येताना त्या रस्त्याचे खड्डे... नवी डिस्क राहुरीपर्यंत आणि पुढेही दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, आत काय हाय म्हणून. लग्न आहे, असं सांगणार तरी कसं?

घरी येऊन ती रिकाम्या कप्प्यात सरकवली. स्क्रीनवर आलं, कॉपी व्हायला चौदा तास. म्हणजे उद्या सकाळपर्यंत जीव टांगणीला.

तोवर फॉर्म भरू म्हटलं. तारीख अंदाजे काढायला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेले. तिथे आई सगळं लिहून ठेवते... दुधाचा खाडा, सिलेंडर कधी लावला. खाड्यांच्या मधे तिच्याच अक्षरात होतं, 'पेटी वाजली. सांगितलं.' चार दिवसांनी परत, 'पेटी वाजली. सांगितलं.' पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

मग आठवलं. कानात हेडफोन, मान न वळवता मी म्हटलं होतं, "इन्व्हर्टर असेल गं." तिन्ही वेळा हेच म्हटलं असणार. सकाळी तिला हे सगळं माझ्या तोंडावर फेकता आलं असतं. मला फार लाज वाटली. तरी त्या संध्याकाळी काही बोलायची हिंमत झाली नाही.

सकाळी दोन्ही दिवे हिरवे. राहुरीचं लग्न उघडून बघितलं, मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत सगळं जागेवर. आई बाहेर कव्हरचं अस्तर उसवत बसलेली. "मच्छरदाणीची जाळी लावते आता, म्हंजी हवा लागंल," मान वर न करता म्हणाली. मग हळूच विचारलं, "वाचलं का त्या पोरीचं लगीन?"

"वाचलं."

"मग लिही की तिथं."

कॅलेंडरवर लिहिलं, 'पेटी बरी झाली.' पेन ठेवणार होते... मग मागे जाऊन तिच्या तिन्ही 'सांगितलं'च्या खाली लिहिलं, 'मी ऐकलं नाही.'