चौथा हात

मामू दिवसभर बडबड करायचे, पण 'किती?' म्हणून विचारलं, तर आकडा त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. वय विचारा, मुलं किती ते विचारा, खांद्यावरचा रुमाल ते तुमच्या हातावर टाकणार, खालून बोटं धरून दाबणार आणि वर विचारणार, "समजलं?" आम्हाला काय कळणार, कप्पाळ! भाजीवाला तर वैतागून ओरडायचा, "मामू, हात सोडा अन् किती वांगी पाह्यजेत ते तोंडानं सांगा!"

त्याला कारण त्यांचा धंदा. निजामाच्या राज्यात जालन्याच्या कापूस बाजारात मामू दलाल होते. भाव पुकारायची रीत तेव्हा नव्हती. आमची गाडी उभी राहिली की तीन पेढ्यांचे तीन मुनीम एकेक करून यायचे, रुमालाखाली हात घालायचे आणि मामूंची बोटं दाबून आपला भाव सांगायचे. एकाचा भाव दुसऱ्याला कळायचा नाही. ज्याचा जास्त, त्याचं नाव मामू पुकारायचे. आम्ही शेतकरी नुसते बघत उभे! विकणाऱ्याचा हात रुमालाखाली जात नसे, त्यामुळे ती बोटांची भाषा मला शेवटपर्यंत आली नाही.

"हे झाकून कशाला?" मी एकदा चिडून विचारलं. मी तेव्हा तरणाताठा होतो, टेंभुर्णीहून गाडी हाकत आलो होतो आणि कुणावर तरी डाफरायचंच होतं. मामू हसले. "अरे, दुसरा किती देऊन राह्यला ते कळलं न्हाई, तर माणूस भिऊन पुरा भाव देतो. अन् खोट्याचं म्हणशील, तर वरून दुनिया पाहते, रुमालाखाली अल्ला पाहतो." एवढ्या एका बोलण्यावर सगळा बाजार त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होता. मीसुद्धा.

मग एका हंगामात मामू हकिमाकडे जायला लागले. उजव्या हाताला तेल चोळायचे, शेकायचे, बोटं चोळत बसायचे. मला म्हणाले, "हात मेला रे माझा. तीन माणसं बोटं दाबतात अन् मला एकच भाव लागतो. फरकच समजत न्हाई." हकिमानं कसला तरी काढा दिला, मामीनं नजर उतरवली. आम्हाला वाटलं, म्हातारपण आलं. कापसाचा भाव पडला होता, पण तो काय, पडतोच! त्याचा आणि मामूंच्या हाताचा संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात यावं?

भांडं फोडलं एका हमालानं. तिन्ही पेढ्या एकाच शेठजीनं गुपचूप विकत घेतल्या होत्या. पाट्या त्याच, मुनीम तेच, पगड्याही त्याच. फक्त सकाळी तिघं एका ओट्यावर चहा पिऊन, भाव ठरवून बाजारात यायचे. मामू ऐकून मटकन खाली बसले. "म्हणजे हात बराबर आहे माझा," म्हणाले. आनंद झाला की दुःख, ते त्यांच्या तोंडावरून मला काही ओळखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझीच गाडी होती. मुनीम आले, तिघांनी बोटं दाबली. मामूंनी रुमाल काढला, पण नाव पुकारलं नाही. मोठ्यानं म्हणाले, "तुमच्यापैकी कुणाचंच न्हाई. चौथा सकाळीच हात देऊन गेला. त्याचा जास्त आहे."

तिन्ही मुनीम एकमेकांकडे बघायला लागले. एक धावत शेठजीकडे गेला, घामाघूम होऊन परत आला आणि त्यानं पुन्हा रुमालाखाली हात घातला. माझ्या कापसाला दोन वर्षांत मिळाला नव्हता असा भाव मिळाला. मी पाया पडायला वाकलो तर मामू माझ्यावरच खेकसले, "जल्दी गाडी काढ! तोंड नको दाखवू."

पुढं सगळा गोंधळच. त्या चौथ्याच्या धाकानं भाव चढत गेला आणि बाजारात त्याच्या गोष्टी सुरू झाल्या. कुणी म्हणे तो अंबडचा, कुणी म्हणे त्याच्याकडं काळी मोटार आहे. एकानं तर शपथेवर सांगितलं, "मी त्याला पाह्यलं, सोन्याचा दात आहे." मीही घरी जाऊन सोन्याच्या दाताचं सांगितलं, आता बोला!

आणि हंगाम संपायच्या आत खरंच एक व्यापारी आला. जालन्यात भाव चांगला आहे, म्हणजे घेणाऱ्यांची चढाओढ आहे, असं ऐकून आला होता बिचारा. त्यानं पेढी टाकली. शेठजीला तीन मुनिमांचं नाटक परवडेना. त्यानं एक पेढी जुन्या मालकाला परत दिली. मामूंनी त्या नव्या माणसाचा हात रुमालाखाली घेतला तेव्हा मी जवळच होतो. सौदा झाला, नाव पुकारलं आणि रुमाल झटकून घरी गेले, ते पुन्हा बाजारात आले नाहीत. "हात नापाक झाला," एवढंच म्हणायचे. आम्ही गेलो, हात जोडले, मामीनंही समजावलं. छे! ज्याच्यामुळे बाजार जिवंत झाला, तोच माणूस घरात तोंड लपवून बसला. मला राग यायचा त्यांचा, खरंच सांगतो.

आजारी पडले तेव्हा भेटायला गेलो. अंगावर चादर होती, आवाज खोल गेला होता. म्हणाले, "चौथा न्हवता, अन् मी आहे म्हणलो. मंग तो आला. आता ते खोटं होतं का खरं? बेइमानी झाली का रे माझ्याकडून? मला समजूनच न्हाई राह्यलं."

मला तरी कुठं समजत होतं? नाही म्हणावं, तर रुमालाखाली अल्ला पाहतो म्हणणारा हा माणूस, त्याला कसं पटणार? हो म्हणावं, तर जीभ झडेल माझी. मामूंनी चादर जरा वर केली आणि हात पुढं केला. मी चादरीखाली हात घातला आणि रडू आवरत, जशी हाताला लागली तशी त्यांची बोटं घट्ट दाबली.

मामूंनी डोळे मिटले. "बराबर," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा निवला.

मी काय सांगितलं, ते मला आजही माहीत नाही.