खाडीकाठच्या बंगल्यातले तीन ठोके

पेणला एसटीतून उतरलो तेव्हा असं ऊन होतं, की रामवाडीपर्यंत पायी रमतगमत जाण्याचा बेत मी स्टँडवरच सोडून दिला. टेंपोवाल्याला बंगल्याचं नाव सांगितलं. "साखरपुडा तर उद्या हाय," तो म्हणाला. मी राहायला चाललोय म्हटल्यावर त्याने मला आरशातून एकदा पाहून घेतलं आणि गिअर टाकला.

वाट मिठागरांमधून जाते. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, माणूस कुठेच नाही, आणि टोकाला खाडीच्या बांधावर तो बंगला. मुंबईच्या एका कापडवाल्या शेटने उन्हाळ्यात हवा खायला बांधलेला. नातवंडांना ती हवा मानवेना, म्हणून आता तिथे साखरपुडे, बारशी आणि माझ्यासारखे फुकटे पाहुणे. मॅनेजर माझा शाळासोबती. राहण्याजेवणाच्या बदल्यात मी त्याला बंगल्याचा इतिहास लिहून द्यायचा होता, माहितीपत्रकासाठी.

दुपारी खाडीकडच्या व्हरांड्यात हिरूबायने जेवायला वाढलं. हिरूबाय म्हणजे बंगल्याची राखण करणारी, साठी ओलांडलेली आगरी बाई. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात राहणारे छोटे मासे) झणझणीत कालवण. मी बोटं चाटत असतानाच पायाखालून आवाज आला. ठक, ठक, ठक.

हिरूबायने पळी खाली ठेवली, कोपऱ्यातला काळा गोटा उचलला आणि एका लादीवर तीनदा आपटला. ती लादी मध्ये वाटीएवढी खोल झिजली होती. मग तिने मला भात वाढला.

"जुनी मोरी आहे रे खाली. भरतीचं पाणी आपटतं," मॅनेजर म्हणाला.

तो आत गेल्यावर हिरूबाय म्हणाली, "मोरी कदीच बुजवली. हितं उघाडी व्हती."

उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडणारी बांधातली वाट. भरती चढायच्या आत माणूस खाली उतरून तिला फळ्या लावी. फळ्या बसल्या की आतून तीन ठोके देई. वर उभं असलेल्याने तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं: पाणी अडलं, वर ये. उत्तर येईपर्यंत खालच्याने फळी सोडायची नाही. सोडली तर खारं पाणी शेतात घुसून गावाचं वर्षभराचं भात जाई.

"माजा बाबा उतरला व्हता, गोमा. वर मना उभी केलेली. सात वरसांची व्हते. शेटकडं पावणे आलेले, बरफ वाटत व्हते. मी बरफ कदी बगितला नव्हता."

ती बघायला गेली. परत आली तेव्हा पाणी चढून गेलं होतं. गोमाने फळी सोडली नव्हती. पुढे शेटने उघाडी बुजवून वर हा व्हरांडा वाढवला, आणि ठोके सुरू झाले. तेव्हापासून दिवसाच्या एकाही भरतीला तिने उत्तर चुकवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिचा मुलगा तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रोह्याजवळच्या अष्टमी गावी, आपल्या घरी नेणार होता. निघताना तिने गोटा माझ्या हातात ठेवला. "उद्या पाऊण वाजता येल. येवडं करा. मंग अष्टमीला येऊन मना सांगा." मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता त्याच लादीवर नवरानवरीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. कॅसेटवर सनई, शंभरेक माणसं, केशरी जिलब्या. मी गोटा खिशात घेऊन खांबाजवळ उभा होतो. ठक, ठक, ठक. कुणाचं लक्ष गेलं नाही. फक्त नवरीने दचकून पाय वर घेतले. मला चारच पावलं पुढे जायचं होतं. पण एवढ्या लोकांत नवरीच्या पायाशी बसून दगड आपटायचा? लोक काय म्हणतील? मला लाज वाटली. ठोके पुन्हा आले, मग पुन्हा, दर वेळी जरा सावकाश. कुणीतरी माझ्या हातात ताट दिलं आणि मी जेवलो.

तिसऱ्या दिवशी कासू स्टेशनवर पॅसेंजर पकडून रोह्याला उतरलो आणि कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीला गेलो. हिरूबायचा मुलगा कंपनीत शिफ्टला गेला होता. सुनेने चहा ठेवला. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून हिरूबाय भिंतीला टेकून बसली होती.

"आलात? दिलंत ना उत्तर?"

"दिलं," मी म्हणालो. इतकं सहज खोटं मी कधी बोललो नव्हतो.

"पुरते तिनी?"

"तिन्ही."

तिने खालच्या फरशीवरून हात फिरवला.

"मंग आज दुपारपासना हितं कोन वाजवतंय?"

सून चहाचा कप हातात धरून उंबऱ्यातच थांबली होती. ती माझ्याकडे बघून हलकेच म्हणाली, "मी पन ऐकलं."

परतीच्या गाडीत मी माहितीपत्रक पुरं केलं. शेट, समुद्राची हवा, इटालियन लाद्या, सगळं त्यात आहे. गोमाचं नाव मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. शुभकार्याच्या जागेला ते शोभलं नसतं.