बाप ठेवून गेलेलं गिऱ्हाईक

बायको जायच्या आठवडाभर आधी आम्ही दोघांनी मिळून तिची शिलाई मशीन विकायला काढली. नातीनं फोनवर फोटो टाकला. घंटाभरात एकाचा फोन आला. मशीन न बघताच पसंत! म्हणाला, "कोड पाठवतो, स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला नाही, एवढं मला कळतं. मी शिवी देणार, तेवढ्यात ती म्हणाली, "त्याला म्हना, बापाला ठिवून जा." दोघंही पोट धरून हसलो. तसं हसणं पुन्हा झालं नाही.

त्या हसण्यामागचं प्रकरण परळीचं. विसरू म्हटलं तरी विसरत नाही. मी सातवी शिकलेला, तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात जमादार. बाजारात नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या, अन् लोक जुन्या विकायला पेपरात छोट्या जाहिराती देत होते. एका सकाळी एक मुसलमान मेकॅनिक एका म्हाताऱ्याचा दंड धरून आला.

"साहेब, माझी स्कूटर नेली. गिऱ्हाईक म्हनलं, चक्कर मारून येतो."

"आन तू चावी दिलीस? येडा हायस का बे?"

"बाप ठिवून गेला न्हवं! ह्यांना खुर्ची दिली, चहा पाजला. बाप सोडून कोन पळतंय?"

ठाणं हसलं. मी हसलो नाही. मीही चावी दिली असती. ती गाडी विकून त्याला दुकानात कंप्रेसर बसवायचा होता. गाडी गेली म्हणजे वर्षभराची मेहनत गेली.

म्हाताऱ्याला विचारलं, "पोरगा कुठाय?"

"येईल की. सावकाश चालवतंय ते."

पोराचं नाव विचारलं, तर सांगता येईना. मला वाटलं, हा टोळीतलाच. थोबाडीत दिली. म्हातारा रडला नाही. खाली पडलेली टोपी उचलून झटकत बसला.

क्वार्टर ठाण्यामागंच. बायको डबा घेऊन आली. तिनं त्याला पाणी दिलं, भाकरी दिली, जेवताना बघत राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "अवो, पायाला भेगा, सदऱ्याला ठिगळ, आन धोतर कोरं करकरीत. कुनी घेऊन दिलं ते इचारा की. मारता कावून?"

धोतराच्या टोकाला अंबाजोगाईच्या दुकानाचा छाप होता. जीप काढली. दुकानदारानं गिऱ्हाइकाचं वर्णन ऐकताच ओळखलं. "महिन्यात तिसरं धोतर नेलं त्यानं. बापाची लई सेवा करतोय."

त्याचं घर दोन गल्ल्या सोडून. अंगणात स्कूटर, नंबरप्लेट काढलेली. पंचनामा केला, चारशेवीसचा गुन्हा लावला अन् संध्याकाळी त्याला परळीला आणलं.

म्हाताऱ्यानंही तोवर तोंड उघडलं होतं. धर्मापुरीचा, घरात भांडण झालं म्हणून वैजनाथाच्या पायऱ्यांवर येऊन बसलेला. ह्या ठगानं तीन दिवस खानावळीत जेवू घातलं, धोतर घेतलं, "बाबा" म्हटलं. म्हातारा म्हणाला, "माजं पोरगं वर्सभर बोललं न्हाई. ह्यो खोटं का व्हईना, बाबा म्हनला."

बेडीत आणलेल्या त्या माणसाला बघून त्यानं विचारलं, "जेवला का रं?" तोवर आमच्याशी ताठ बोलणाऱ्या आरोपीनं मान खाली घातली.

मेकॅनिक लोभी नव्हता. वडीलधाऱ्या माणसासमोर 'आधी पैसे ठेवा' म्हणायची त्याला भीड वाटली. ठग त्या भिडेवरच जगतो. आज फोनवर कोणी फौजी होतो, कोणाची आई दवाखान्यात असते. वस्तू विकताना भीड बाळगू नका. पैसे मिळाल्याची खात्री स्वतः करा, मग वस्तू सोडा. खऱ्या गिऱ्हाइकाला त्याचा राग येत नाही.

आणि मी म्हाताऱ्याचं फक्त तोंड बघितलं, बायकोनं पाय बघितले. डायरीत तपास माझ्या नावावर लागला, बक्षीसही मला मिळालं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो, तर ऐकायला ती नाही.

आरोपीला पकडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कोर्टात न्यायचं काम मी दुसऱ्यावर सोपवलं आणि म्हाताऱ्यासोबत धर्मापुरीच्या एसटीत बसलो. खाकी बघून त्याचा पोरगा दारातच घाबरला. "काय केलं ह्यांनी?"

"ह्यांनी काय बी न्हाई केलं," मी म्हणालो. "मी हात उचलला ह्यांच्यावर." आणि पोरादेखत म्हाताऱ्याच्या पाया पडलो.