रोजचं विरजण

टाळेबंदीत शेजारचा मिक्सर दुपारी फार वेळ चालायचा. मी एकटी राहते, त्यामुळे भिंतीपलीकडच्या आवाजांचीच काय ती सोबत. सगळे घरी आहेत, वाटणघाटण चाललं असेल, असं वाटून थोडा हेवाही वाटायचा.

एका दुपारी अचानक वीज गेली. मिक्सर बंद पडला आणि त्याखाली दडलेलं सगळं ऐकू आलं. मनूच्या बाबांच्या शिव्या, काहीतरी आदळल्याचा आवाज, आणि आठ वर्षांची मनू, "बाबा, नको ना."

मी वाटी घेऊन दार वाजवलं. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. मनूच्या आईने दार उघडल्यावर "जरा विरजण मिळेल का?" एवढंच सुचलं. आत सगळं शांत झालं होतं.

मग मी रोज तीन वाजता जाऊ लागले. दुसऱ्याच दिवशी वाटीखाली मदतीच्या फोनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी धरली. तिने ती मुठीत घेतली. रोज दही लावणाऱ्या बाईला रोज विरजण कशाला लागतं, हे तिने कधी विचारलं नाही. 'घरातच राहा, सुरक्षित राहा,' असं तेव्हा कुणालाही फोन लावला की ऐकू यायचं. माझ्या फ्रीजमध्ये दह्याची भांडी वाढत गेली. एकटीने किती खाणार?

एकदा माझा डोळा लागला आणि उठेपर्यंत चार वाजून गेले. त्या दिवशी दार मनूने उघडलं. विरजण घातलेली वाटी माझ्या हातात देत ती हळूच म्हणाली, "काकू, आज तुम्हाला उशीर झाला."