जवळा बाजारात दोरीवर टांगलेली चित्रकथा

अंक छापणं बंद करतोय, एवढं सांगायला पुण्याहून हिंगोलीला कोण जातं? फोनवर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण रशीदभाई फोनवर ऐकून घेईनात.

मी आणि माझी मैत्रीण मीनल मुलांसाठी चित्रकथांचं मासिक काढतो. ती गोष्ट लिहिते, मी चित्रं काढते. मराठवाड्यात अंक पोचवणाऱ्या वितरकाने यंदा धंदा गुंडाळला आणि आमचे हाल सुरू झाले. गठ्ठे भलत्याच गावी उतरत आणि न खपलेले अंक चुरगळून परत येत. शेवटी आम्ही ठरवलं, हा शेवटचा छापील अंक, पुढे सगळं मोबाइलवर. बाकीच्या दुकानदारांनी बरं म्हणून फोन ठेवला. हिंगोलीचे रशीदभाई तेवढे म्हणाले, "ताई, एकदा बाजार बगून जा. मंग करा बंद." मीनल म्हणाली, जा आणि नीट समजावून ये. समजावण्याचं काम नेहमी माझ्याच गळ्यात पडतं.

पुण्याहून नांदेडपर्यंत रेल्वे, तिथून एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीशी बसून राणीसारखं जाता येतं. वाटेत वारंगा फाट्याला मुद्दाम उतरले, कारण नव्या अंकांचा गठ्ठा आठवडाभर आधी एसटी थांबते त्या इथल्याच एका हॉटेलच्या पत्त्यावर पाठवला होता. मालक गरम खिचडी वाढता वाढता म्हणाले, "पुण्याचं पार्सल न्हाई आलं बाई. ड्रायव्हर इसरून पुढं घेऊन गेला असंल. येईल वापस, जाईल कुठं?" खिचडी मात्र झकास होती. सोबत तळलेली मिरची, आणि शंभराच्या आत पोट गच्च. गठ्ठ्याच्या काळजीतही मी दोनदा घेतली, हे कबूल करते.

हिंगोलीत रशीदभाईंचं दुकान स्टेशनकडून बाजारात शिरताना लागतं. पुढे वह्या-पेनं, मागे चित्रकथा. नवा माल येणं थांबल्यापासून त्यांनी नांदेडच्या रद्दीवाल्यांकडून जुन्या चित्रकथा शोधून आणल्यात आणि त्यांच्या पत्नी नसीमभाभींनी दाभणाने शिवून त्यांना पोत्यासारखं मजबूत केलंय. मी ते अंक हातात घेऊन पाहत राहिले. आमचे नवे अंकसुद्धा इतके नेटके बांधलेले नसतात.

"गठ्ठा आलाच नाही," मी म्हटलं. "माझ्या पिशवीत ही एकच प्रत आहे."

"एक बस झाली," रशीदभाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नसीमभाभींसह आम्ही त्यांच्या टेम्पोतून औंढ्यावरून जवळा बाजारला गेलो. औंढ्याला नागनाथाचं देऊळ आहे, जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दगडी कोरीव काम उन्हं कोवळी असताना बघावं. पुढचा रस्ता कापसाच्या गाड्यांच्या मागे मागे जातो, तेव्हा घाई असेल त्याने हा प्रवास करू नये.

बाजारात बांगडीवाल्या गोदाबाईंच्या पालापासून कडुनिंबापर्यंत रशीदभाईंनी सुतळीची दोरी बांधली. मग माझ्या हातातली प्रत घेऊन पिना उपसल्या आणि ब्लेडने घडी कापून पान न् पान सुटं केलं. माझीच चित्रं आणि माझ्यासमोर बकऱ्यासारखी कापतोय हा माणूस! पुढची रीत त्यांनी सांगितली. पानं चिमट्याने दोरीवर टांगायची. येणाऱ्याने फुकट वाचायचं, पान उलटून मागची बाजूही वाचायची. ज्याला अंक घरी हवा त्याने दोरीच्या लोंबत्या टोकाला एक गाठ मारायची. जेवढ्या गाठी, तेवढेच अंक मागवायचे. पुढच्या बाजारी पैसे देऊन अंक घ्यायचा आणि आपल्या हाताने गाठ सोडायची.

"म्हणजे परत येणारा अंक नाहीच?" मी विचारलं.

"वापस काहून येईल? मागितल्याबिगर आमी मागवतच न्हाई."

आम्ही दोघींनी इतकी वर्षं काय केलं, असा प्रश्न मला पडला.

रशीदभाई चहा सांगायला गेले तेवढ्यात नसीमभाभींनी भराभर पानं टांगली. थोड्या वेळाने गोदाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं बया, तळं तर मामानंच चोरलं!" मी धावले. आमच्या गोष्टीत ठकी नावाची मुलगी गावचं चोरीला गेलेलं तळं शोधते आणि चोर तिचा मामाच निघतो, हे अगदी शेवटच्या पानावर कळतं. ते पान डावीकडे पहिलंच! भाभी उर्दू शाळेत शिकलेल्या. त्यांनी पहिलं पान उजवीकडे लावून डावीकडे येत येत दोरी पुरी केली होती.

"मैं तो बराबरच लगाई," भाभी शांतपणे म्हणाल्या.

मी चिमटे काढायला हात घातला तर गोदाबाईंनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या ताई. मामानं केलं हे कळलं, आता कसं केलं ते बगून राहिलो आमी."

तोवर बातमी मिरचीवाल्यांपर्यंत गेली होती. मामाला शिव्या देत माणसं येत होती. फेटेवाले आजोबा उलट्या बाजूने चालत प्रत्येक पानाशी थांबून म्हणत, "हे बगा, हितंच त्याची नियत फिरली." माझ्या चित्रातला मामाचा डोळा इतक्या बारकाईने आजवर कुणीच पाहिला नव्हता, मीनलनेसुद्धा नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दुपार कलली तेव्हा दोरीचं टोक गाठींनी इतकं आखडलं होतं की रशीदभाईंना वर आणखी सुतळी जोडावी लागली.

ते गाठी चाचपत म्हणाले, "तकलीफ आमाला पार्सलची हाय ताई, वाचणाऱ्याची न्हाई. आता सांगा, बंद करायचं?"

समजावायला गेलेली मी, मान हलवत नाही म्हणाले.

परतल्यावर मीनलने सगळं ऐकलं, दोन दिवस हिशेबी तोंड करून फिरली आणि मग म्हणाली, सगळीकडे अशा दोऱ्या बांधणारे रशीदभाई कुठून आणायचे? खरंच आहे. सगळीकडे नाही जमणार. सोलापूरच्या एक दुकानदार बाई करून बघते म्हणाल्यात, बाकीच्यांनी अजून फोन घेतलेला नाही. वारंग्याचं पार्सल मात्र हॉटेलवर वापस आलं आणि त्यातल्या अंकांनी पुढच्या बाजारी गाठी सुटल्या, असा रशीदभाईंचा निरोप आला.

काल नवा अंक छपाईला गेला, मागणी येईल तेवढाच छापायचा. निघताना मी छापखान्यात सांगून आले, पहिल्या प्रतीला पिन मारू नका, ती जवळा बाजारला जायची आहे.