हात न उगारणाऱ्यांच्या मुलखात

"ठेवून देऊ का एक?" हा आमच्या काकांचा नमस्कार होता. समोर माणूस असो, मशीन असो की मिशिगनची थंडी, काका आधी बाह्या सरसावणार.

काका नात्यातले नव्हेत. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे, आणि एकाच कंपनीत असल्यामुळे मी त्यांच्या गाडीतून ऑफिसला जायचो. मूळचे नागपूरचे. ते दार असं लावायचे की वर माझ्या तव्यावरच्या पोळ्या आपोआप उलटायच्या. कॅन्टीनमधल्या मशीनमध्ये एकदा चिप्सचं पाकीट अडकलं. काकांनी अशी लाथ घातली की शेजारच्या मशीननं घाबरून दोन कोक बाहेर टाकले. खोटं वाटतं? त्यातला एक मी प्यायलोय.

अमेरिकेत हॉर्न वाजवणं म्हणजे जवळजवळ शिवी. काका मात्र हॉर्न दिल्याशिवाय कुणाला ओव्हरटेक करत नसत. "न सांगता पुढे जायला मी चोर आहे का बे?"

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मी त्यांना ओहायोतल्या आमिश शेतकऱ्यांबद्दल सांगितलं. मोटार वापरत नाहीत, घोडागाडीतून फिरतात, आणि कुणी मारलं तरी उलट मारत नाहीत.

काकांचा घास हातातच राहिला. "कानाखाली वाजवली तरी?"

"तरी."

"झूट! चल, शनिवारी बघून येऊ."

असे आम्ही गेलो. लोक तिथे गोधड्या आणि चीज बघायला जातात, काका शेतकऱ्यांची मनगटं बघत हिंडले. "ह्यानं एक ठेवून दिली तर आपण थेट नागपूरला उतरू. आणि म्हणे मारत नाही!"

परतताना एका चढावर पुढे घोडागाडी लागली. काकांनी रीतसर, लांबलचक हॉर्न दिला.

इथून पुढे मी काहीही वाढवून सांगत नाही. घोडा बिथरून रस्त्याकडेच्या चराकडे उधळला, त्याचा पाय दगडांत अडकला आणि हाड मोडल्याचा आवाज बंद काचेतून आम्हाला ऐकू आला. पट्टे तुटून घोडा चरात पडला, घोडागाडी काठावर उभी राहिली, हाकणारा म्हातारा रस्त्यावर आपटला.

काका ओरडतच उतरले. भांडणाची त्यांना एकच रीत ठाऊक होती: आधी आपण ओरडायचं, मग त्यानं, मग दोन-दोन ठेवून द्यायच्या आणि मिटवायचं. म्हातारा उठला. कपाळ फुटून पांढरी दाढी लाल झालेली. तो जवळ आला तशा काकांनी मुठी वळल्या.

"तुम्हाला लागलं नाही ना?" त्यानं विचारलं.

चरात घोडा किंचाळत होता. शेजारच्या शेतातला माणूस ते ऐकून बंदूक घेऊनच आला. आता उपाय तेवढाच होता.

"मला मारा," काका म्हाताऱ्याला म्हणाले. "चूक माझी आहे. एक तरी मारा हो."

"त्यानं घोडा उठणार नाही," म्हातारा म्हणाला. "तुमच्या हातांत जोर दिसतो. त्याचं डोकं धरा. मान हलली तर एका गोळीत सुटका होणार नाही त्याची."

काका चरात उतरले. घोड्यानं मान झटकली, काकांचा ओठ फाटला, एक दात पडला. त्यांनी धरलेलं सोडलं नाही. घोड्याच्या डोळ्यावर तळवा ठेवून "झालं राजा, झालं," म्हणत राहिले. एकच गोळी लागली.

त्यानंतर वर्षभरात काका नोकरी बदलून दूर प्लेनो शहरात गेले. तिथे ते कुणाला काय ठेवून देतात, मला माहीत नाही. मला आठवतो तो चढ. म्हाताऱ्याचं घर वर टोकाला होतं. घोडा गेल्यावर काका त्या घोडागाडीच्या दांड्यांमध्ये शिरले आणि ओढू लागले. म्हातारा "राहू द्या, राहू द्या" म्हणाला, काकांनी ऐकलं नाही. अर्ध्यावर चाकं अडली. काकांचा रक्ता-घामानं भिजलेला शर्ट पाठीला चिकटला होता, पाय घसरत होते. तेव्हा म्हाताऱ्यानं टोपी काढून गाडीत ठेवली, आणि मागून खांदा लावला.